शेळीपुढचा वाघ

माझा भाऊ महिपत बाळकुमच्या एका टॉवरवर वॉचमन आहे. दिवसभर शिट्टी फुंकून गाड्या मागे घ्यायला लावणारा हा माणूस वाघ होईल, यावर माझा तरी काडीचा विश्वास नव्हता.

येऊरच्या आमच्या पाड्यावर वाघबारशीला, म्हणजे वाघाला देव मानून पुजायच्या सणाला, वाघाचा नाच होतो. शेवटी काठी उगारून वाघाला शिवेपलीकडे हाकलायचं, अशी रीत. इतकी वर्षं वाघ आमचा बाप, भिवा, व्हायचा. यंदा त्याचा गुडघा गेला. त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "महिपतला जमला तर जमला. नाय तर वाघ बंद. खोटा वाघ देवाला दाखवायचा नाय."

खरं-खोटं शेळी ठरवते. खुंटाला बांधलेली शेळी वाघ बघून बिचकली पाहिजे. आणि आमची शेळी तर महिपतच्याच हातचा पाला खाऊन वाढलेली!

ढोल वाजला. महिपतने डरकाळ्या फोडल्या, पंजे नाचवले. शेळी आपली पाला चघळतेय. पोरं खिदळली. मीही हसले, आणि लगेच हसू आवरलं. बापाचा वाघ आता कायमचा जाणार होता.

"अरे गाढवा, टीव्हीतला वाघ करतो काय?" बाप ओट्यावरून ओरडला. "वाघ गप असतो!"

महिपतने हाताने ढोल थांबवला. ओणवा झाला. आधी एक खांदा मानेच्या वर आला, मग दुसरा. हात जिथून उचलला तिथेच पाय पडत होता, आणि खडीवर आवाज म्हणून नव्हता. लहानपणापासून बघितलेली ती पाठ माझ्या ओळखीची राहिली नाही.

शेळीच्या तोंडातला पाला गळला. दाव्याला हिसके देत ती अशी ओरडली की पाड्यावरची कुत्री घरांत घुसली. वाघाला हाकलायला काठी घेऊन उभा असलेला रघुकाका जागचा हलेना.

तेव्हा बाप उठला. ज्याला मोरीपर्यंत न्यायला दोघं लागायचे, तो लंगडत शेळीपुढे जाऊन उभा राहिला. काठी त्याने मागितलीच नाही. आपल्या पोरासमोर हात जोडले.

"देवा, गरिबाची एकच शेळी हाय. सोड तिला."

वाघाने त्याच्याकडे टक लावून पाहिलं, वळला आणि शिवेपलीकडच्या झाडीत गेला. बाप रडत होता. महिपतला नावाने हाक मारून परत बोलवायची हिंमत आमच्यातल्या कुणालाच झाली नाही.