निळा मारणे

चित्रावर टेकवलेलं बोट राजाबाईंनी उचललं नाही. विचारायचं ते विचारून झालं होतं. टेबलापलीकडे चित्रकलेची शिक्षिका किर्ती भोईर त्या बोटाकडे बघत राहिली. नखाच्या कडेने एक निळी रेघ होती, धुऊन न जाणारी. शेजारच्या खुर्चीत मुख्याध्यापक हरिचंद्र गायकर चष्म्याची काच रुमालाने पुसत होते आणि ती केव्हाच स्वच्छ झाली होती. खोलीत ओल्या कागदांचा आंबूस वास कोंडला होता. दाराबाहेर राजाबाईंची सातवीतली मुलगी, उन्नती, भिंतीला पाठ लावून उभी होती. आतून तिच्या वेणीची रिबीन तेवढी दिसत होती.

"सांगा ना टीचर," राजाबाई पुन्हा म्हणाल्या. "ह्ये वरचं निघंल का?"

वरचं म्हणजे तपकिरी रंगाचा एक रुंद हात. कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत तो सपाट फिरला होता, आणि त्याच्याखाली कुठे कुठे निळा अजून धुमसत होता. तो हात किर्तीने स्वतः दिला होता.

शाळा चालवणाऱ्या संस्थेला किर्तीकडून सहावी ते आठवीचा चित्रकलेचा अभ्यासक्रम आखून हवा होता. आजवर तो कुणी आखलाच नव्हता. चित्रकलेच्या तासाला जो शिक्षक मोकळा असेल तो येऊन बसायचा, 'निसर्गचित्र काढा' म्हणायचा, आणि मुलं काढायची: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून अर्धा सूर्य, एक झोपडी, एक माड आणि पायथ्याशी निळीशार नदी. नाल्याच्या काठच्या घरांतून येणारी, उल्हासनगरच्या कॅम्पांबाहेर क्वचितच गेलेली मुलं वर्षानुवर्षं हेच एक गाव काढत होती. जणू ते गाव त्यांना वारसा म्हणून मिळालं होतं आणि त्याचा ताबा मात्र कधीच मिळणार नव्हता.

किर्तीला त्या गावाची चीड होती. बदलापूरला, बेलवलीतल्या आपल्या घरी बसून तिने आराखडा लिहायला घेतला तेव्हा पहिल्याच पानावर एक वाक्य लिहिलं: पाहिल्याशिवाय रंग लावायचा नाही. सहावीला घरातली भांडी आणि स्वतःचे हात. सातवीला पाणी. आठवीला कामावरची माणसं, कारण माणूस काढायला हात तयार व्हावा लागतो असं तिचं मत होतं. हरिचंद्र सरांनी पानं चाळून म्हटलं होतं की मॅडम, हे सगळं छान आहे, पण संस्थेच्या मंडळींना डोळ्यांना दिसेल असं काहीतरी जोडा, नमुने जोडा. म्हणून तिने सातवीच्या वर्गावर पहिला धडा करून पाहिला. आपल्या घराजवळचं पाणी.

कागद आले. चहाच्या रंगाचं पाणी, राखेच्या रंगाचं पाणी, अंबरनाथच्या बाजूने येणाऱ्या एका मुलाचं विटकरी पाणी. किर्ती एकेक कागद खिडकीत धरून पाहत होती आणि तिला आत काहीतरी उजळल्यासारखं वाटत होतं. मुलांना दिसत होतं तर. मग उन्नतीचा कागद आला आणि त्यावर निळा होता. काठोकाठ, गडद, डबीतून उचलून थेट ओतल्यासारखा.

तिने तो कागद वर्गापुढे धरला. म्हणाली की ही कॅलेंडरमधली नदी आहे, उन्नतीने पाण्याकडे बघितलेलंच नाही. मागच्या बाकावरून सोनू म्हणाला,

"टीचर, उधर सच्ची ऐसाच असतो. हिच्या गल्लीत पानी पन जीन्स घालतो."

वर्ग हसला. किर्तीही हसली. सोनू दर तासाला असं काहीतरी बोलायचाच.

चित्रकारांच्या बोलण्यात एक प्रयोग आहे. डबीतला रंग जसाच्या तसा उघडा लावायचा नसतो. त्यात विरुद्ध रंगाचा अंश मिसळून त्याचा तोरा उतरवायचा. याला रंग मारणं म्हणतात. किर्तीने हे कला महाविद्यालयात शिकताना ऐकलं होतं, आणि तिच्या गुरूंनी तिच्याच चित्रावर कुंचला फिरवून ते दाखवलं होतं. हात हातावर फिरल्याशिवाय ही विद्या येत नाही, असं ते म्हणायचे. तिने रुंद कुंचला तपकिरीत भिजवला.

"बघा," ती मुलांना म्हणाली, "निळा असा मारायचा."

पाण्याच्या मध्यभागी एक उभा फटकारा होता, वर एक बारीक फाटा फुटलेला. गाळात रुतलेली एखादी काठी असावी. कुंचला तिच्यावरूनही गेला. उन्नती रंगाच्या पाण्याचा मग दोन्ही हातांनी धरून शेजारी उभी होती. चित्र लगेच खोल दिसू लागलं, खरं दिसू लागलं, आणि किर्तीने ते 'रंगदुरुस्ती' या मथळ्याखाली आराखड्याला जोडलं.

आता तेच चित्र टेबलावर होतं आणि राजाबाईंचं बोट त्या काठीच्या जागी होतं.

"हितं सनी होता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, धागे कापताना शेजारणीशी बोलावं तसं. घरात त्या जीन्सचे धागे कापायचं काम करतात, आणि थोरला मुलगा सनी नाल्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीन्स धुवायला जायचा. शेडला पाटी नाही. धुतलेल्या कपड्यांच्या धाग्यांचा लोंदा पाइपाच्या तोंडाशी अडकला की मुकादम सनीला नाल्यात उतरवायचा, कारण तो अंगाने बारीक होता. पाणी कमरेपर्यंत यायचं. घराची मागची खिडकी समोरच होती, तिथून दिसायचा. तोही घराकडे बघून हात वर करायचा, आणि उन्नती खिडकीतून हात हलवायची. रोजचा खेळ होता त्यांचा. शेडमध्ये फोन नेऊ देत नसत, म्हणून कामावरचा त्याचा एकही फोटो नाही. भिंतीवर लावलाय तो पासपोर्टचा, इस्त्रीच्या शर्टातला.

"त्या दिशी मी माल पोचवाया गेल्ते. ही एकलीच घरात. त्यानं हात वर केला, हिनं पन केला." राजाबाईंनी बोट त्याच जागी दाबलं. "पाइपातनं काय वास सुटला कुनाला ठाव, त्यो वर आलाच न्हाई. हिला वाटलं, रोजच्यावानीच."

दाराबाहेरची रिबीन हलली नाही.

हरिचंद्र सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. ते वाईट नव्हते. ते म्हणाले की फार वाईट झालं, शाळेला हे कळलंच नव्हतं, आणि मुलगी हुशार आहे ताई, ती दुसरं चित्र काढेल, याहून चांगलं काढेल.

"काढंल की," राजाबाई म्हणाल्या. "पर मुकादम म्हनतो, असा कुनी आमच्याकडं नव्हताच. हजेरीत नाव न्हाई. मग म्हनलं, एका कागदावर तरी हाय त्यो."

किर्ती उठली. कपाटातून तिने कापूस काढला, पाण्यात बुडवून पिळला आणि चित्राच्या मध्यावर हलकेच दाबला. तपकिरी रंग कापसात उतरला. तिने दुसरा बोळा घेतला. त्यातही तपकिरी आला, आणि त्याच्यामागून निळा. तिसऱ्याला सगळं एकदमच आलं. कागदाचे बारीक लोकर झालेले तंतू उभे राहिले, त्या जागी एक राखाडी डाग उरला आणि डागाच्या पोटातून कागदाचा पांढरा दिसू लागला. तिने हात मागे घेतला. राजाबाईंनी वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि चित्र तिच्याकडे सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडंच ठिवा."

त्या गेल्या. जाताना दाराशी त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला वर्गात जा म्हणाल्या.

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर किर्ती घरी जायच्या रस्त्याला लागली नाही. सोनूला विचारून ठेवलेल्या खुणांनी ती गल्ल्यांमधून नाल्यावर आली. पाणी तपकिरी होतं. तिने कुंचल्याने काढलं होतं अगदी तसंच, जड, तळ नसलेलं. मी चुकले नव्हते, हे शब्द मनात पूर्ण उमटलेसुद्धा. मग तिला काठाची दगडी भिंत दिसली. पाण्याच्या वर, वीतभर उंचीचा निळा पट्टा भिंतीवर बसला होता, लांबवर, वळणापर्यंत. रंगाच्या वाटीला आतून बसतो तसा. पाणी कधी कधी इथवर चढत होतं आणि तेव्हा ते निळंच असायचं. पलीकडे पत्र्याची शेड होती, दार ओढलेलं. अलीकडे घरांच्या मागच्या खिडक्या होत्या. त्यांतली एक पुठ्ठा लावून बंद केलेली होती. किर्तीने ओढणी नाकाला लावली आणि ती परत फिरली.

घरी तिने आराखडा उघडला. 'रंगदुरुस्ती' हा मथळा खोडला. त्याखाली काय लिहावं ते तिला सुचेना. पहिल्या पानावरचं वाक्य तिने पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चूक काहीच नव्हती, हेच असह्य होतं.

पुढच्या तासाला तिने उन्नतीला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. नवा जाड कागद दिला, स्वतःच्या पेटीतली निळ्याची डबी दिली, सीलही न फोडलेली. "तुला जसं काढायचंय तसं काढ," ती म्हणाली. "मी बघणार नाही. हातही लावणार नाही."

उन्नतीने मान हलवली.

तास संपेपर्यंत किर्ती फळ्याकडे तोंड करून काहीबाही लिहीत राहिली. पाठीमागे मुलांची कुजबुज होती, बाक सरकत होते, आणि त्या सगळ्यात पाण्याच्या मगाच्या काठावर कुंचला आपटल्याचा एकच आवाज ती वेचून ऐकत होती. घंटा झाली. मुलं धावत निघाली. मधल्या वाटेने हरिचंद्र सर आत आले, कारण संस्थेची बैठक जवळ आली होती आणि त्यांना नमुन्यांची काळजी होती. ते थेट शेवटच्या बाकापाशी जाऊन थांबले.

"वा," ते म्हणाले. "बघा मॅडम, मी म्हटलं नव्हतं? मुलीच्या हातात आहे. हे आपण मुखपृष्ठाला घेऊ."

किर्ती जवळ गेली. कागदावर दोन त्रिकोणी डोंगर होते. त्यांच्या फटीतून अर्धा सूर्य वर येत होता, किरणं पट्टीने आखल्यासारखी सारखी. एक माड होता, एक झोपडी होती. पायथ्याशी नदी होती, स्वच्छ निळी, रिकामी. एकही रेघ थरथरली नव्हती, एकही रंग हद्दीबाहेर गेला नव्हता. शाळेच्या कुठल्याही भिंतीवर शोभलं असतं असं चित्र होतं, आणि ते कुठल्याही मुलीचं असू शकलं असतं.

सरांनी मान तिरकी करून ते पुन्हा न्याहाळलं.

"फक्त झोपडीला खिडकी राहिलीय. दार आहे, खिडकी नाही. जरा भकास वाटतं. तेवढी एक तुम्ही मारून द्या ना, दोन मिनिटांचं काम."

बाकावर ओला कुंचला पडलेला होता. किर्तीने तो उचलला आणि हातात तसाच धरला. झोपडीची भिंत पिवळी होती, सलग. सर कुणाचा तरी फोन आला म्हणून बोलत बाहेर गेले. खोलीत दोघीच उरल्या.

उन्नतीने डबीचं झाकण घट्ट लावलं, डबी पुसली आणि ती किर्तीच्या पेटीत मूळच्या खाचेत परत ठेवली. निळा फारसा कमी झालेला नव्हता.

"उन्नती," किर्ती म्हणाली. "घराला खिडकी नाही काढलीस?"

मुलीने खांद्याला दप्तर लावलं. रंगाच्या पाण्याचा मग तिने दोन्ही हातांनी उचलला, हिंदकळू नये म्हणून छातीशी सरळ धरला, आणि त्यातल्या पाण्यावरची नजर न काढता ती बाकांमधून चालत दाराबाहेर गेली.