देवकाबाईंच्या पेशी

मेमोवर जावक क्रमांक होता, तारीख होती, गोल शिक्काही होता. फक्त त्यात लिहिलेली गोष्ट खोटी होती. ‘द्रव नायट्रोजनच्या टाकीतील नमुन्यांची लेबले आपल्या हलगर्जीपणामुळे बदलली गेल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ प्रयोगशाळेतले परिचर बंडूजींनी कागद दोनदा वाचला आणि पीएचडी करणाऱ्या आकांक्षापुढे धरला.

“तूच वाच बरं. मले तं काईच समजून नाई राह्यलं. मी टाकी भरतो, पोरी. आतल्या व्हायलींले मी चोवीस वर्सांत बोट नाई लावलं. मंग लेबलं काऊन बदलवीन मी?”

आकांक्षाचं डोकं सणकलं. लेबलं बदललेली नव्हती हे तिला ठाऊक होतं. ज्यांची सही मेमोखाली होती त्या तिच्या गाईडना, प्रयोगशाळाप्रमुख उमाटे सरांनाही ते ठाऊक होतं, कारण परवाच तिने स्वतः त्यांना ते दाखवलं होतं.

विद्यापीठाच्या या कॅन्सर संशोधन प्रयोगशाळेचं नाव झालं होतं ते एकाच गोष्टीमुळे. चार वर्षांपूर्वी देवळीजवळच्या एका गावातल्या देवकाबाईंच्या जबड्यातली गाठ डॉक्टरांनी काढली आणि तिचा हरभऱ्याएवढा तुकडा, देवकाबाईंच्या सहीनिशी, इथे आला. असे तुकडे बहुधा पंधरा दिवसांत मरतात. हा जगला. त्यातल्या पेशी फ्लास्कमध्ये वाढू लागल्या, एका फ्लास्कचे दोन झाले, दोनाचे चार. सरांनी त्यांना ‘देवका-१’ नाव दिलं. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्या इथल्याच माणसाच्या कॅन्सरवर इथेच औषध तपासायचं, ही त्यामागची कल्पना होती आणि ती खरोखर चांगली होती. सिंदी मेघेतून रोज स्कूटीवर येणाऱ्या आकांक्षाने तीन वर्षं या पेशींवर एक औषध तपासलं. निकाल देखणे आले. प्रबंध लिहून तयार होता, लेख एका मोठ्या नियतकालिकाने जवळजवळ स्वीकारला होता. त्यांनी एकच गोष्ट मागितली: या पेशी त्याच बाईच्या आहेत, याचा डीएनए रिपोर्ट.

रिपोर्ट आला. पेशी देवकाबाईंच्या नव्हत्या. तोंडाच्याही नव्हत्या. त्या दुसऱ्याच एका बाईच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, जगभरच्या प्रयोगशाळांत झपाट्याने वाढणाऱ्या पेशी होत्या. देवका-१ ज्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार कपाटात, वाढत होत्या त्याच्याच खालच्या फळीवर त्यांचेही फ्लास्क होते.

आकांक्षाने तेव्हा रडारड केली नाही. दर महिन्याला टाकीत गोठवून ठेवलेल्या पेशींच्या कुप्यांपैकी, म्हणजे व्हायलींपैकी, काही तिने तपासायला पाठवल्या. चौथ्या महिन्याची व्हायल देवकाबाईंचीच निघाली. अकराव्याचीही. बाराव्या महिन्यात दोन बायकांच्या पेशींची सरमिसळ होती आणि तेराव्यात देवकाबाईंचा मागमूस नव्हता. म्हणजे लेबलं बरोबर होती. घोटाळा अकराव्या आणि बाराव्या महिन्याच्या मध्ये, फ्लास्कमध्येच झाला होता.

तिने रजिस्टर काढलं. त्या तीस दिवसांत एक दिवस वेगळा होता, तान्हा पोळा, लहान पोरांच्या लाकडी बैलांचा सण. सणाला एकाच जणाने येऊन सगळ्यांच्या पेशींना ‘जेवण घालायचं’, म्हणजे जुनं मीडियम, पेशींचा पोषक द्रव, काढून ताजं भरायचं, असा इथला रिवाज होता. एरवी प्रत्येक पेशीची बाटली वेगळी, पिपेट वेगळी. सणाला मात्र सगळ्यांना मिळून एकच बाटली, म्हणजे बिचाऱ्याला लवकर घरी जाता येतं. ही सवलत सरांनीच फार पूर्वी मोठ्या मनाने दिली होती. पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. बाटलीच्या तोंडाशी खालच्या फळीवरचा एक थेंब लागला, तर तोच थेंब पुढच्या फ्लास्कमध्ये जातो आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशी महिन्याभरात दुसऱ्यांना संपवून टाकतात.

रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: ‘सर्व फ्लास्कना मीडियम दिले. बाटली एक. आधी खालची फळी, मग वरची. वेळ दहा चाळीस.’ इतकी तपशीलवार नोंद प्रयोगशाळेत एकच व्यक्ती करत असे. अक्षर आकांक्षाचंच होतं. भाच्याचा लाकडी बैल सजवायचा राहिला होता म्हणून ती त्या दिवशी घाईने घरी गेली होती.

हे सगळं, स्वतःच्या चुकीसकट, तिने सरांपुढे ठेवलं. सरांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

“म्हणजे चौथ्या महिन्याची व्हायल देवकाबाईंचीच आहे,” ते म्हणाले.

“हो सर.”

“मग तिचाच रिपोर्ट पाठव. त्यांनी देवका-१ चा रिपोर्ट मागितलाय, ती देवका-१ च आहे. खोटं कुठे आहे?”

“सर, पण प्रयोग त्या पेशींवर झालेच नाहीत! एकही नाही!”

“तुझी मौखिक परीक्षा जूनमध्ये आहे,” सर म्हणाले. “माझ्यासाठी नाही सांगत मी.”

आणि दोनच दिवसांनी हा मेमो. कुणी विचारलंच तर बोट दाखवायला एक माणूस हवा होता, आणि तो चतुर्थ श्रेणीतला असला की सोयीचं पडतं.

“तू काऊन तापून राह्यली?” शेजारच्या टेबलावरचा पियुष म्हणाला. तिच्याहून दोन वर्षांनी वरचा, त्याचाही प्रबंध याच पेशींवर झालेला. “बंडूजी दोन ओळींचा माफीनामा लिहून देतील, बात खतम. त्यांचं काय जाते?”

“चोवीस वर्षं जातात.”

“अन् आपले निकाल गेले तर? माझी डिग्री झाली हाय, आकांक्षा. काय वापस करू का?”

“तुझ्या निकालात काय आहे, माहीत आहे ना? तोंडाच्या कॅन्सरवर चालणारं औषध. उद्या कुणी ते खरं मानून माणसाला देईल.”

“उद्याचं उद्या,” पियुष म्हणाला आणि त्याने मायक्रोस्कोपला डोळे लावले. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

तो गुरुवार होता. दर तीन महिन्यांनी तपासणीला आल्या की देवकाबाई प्रयोगशाळेत डोकावल्याशिवाय जात नसत. उजवा जबडा अर्धा काढलेला, त्यामुळे बोलणं एका बाजूने. पण बोलायचं काही शिल्लक ठेवत नसत.

“काय म्हन्ते आकांक्षाबाई? माह्या वाल्या बऱ्या हायेत न?” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “मले म्हन्ले, खर्रा सोड. सोडला. अन् माह्या गाठीले तुमी बसून खाऊ घालता! घरी सांगतो तं सून हासते. दाखव बरं मले.”

दर वेळी हेच होत असे. आकांक्षा फ्लास्क काढायची, देवकाबाई एक डोळा मिटून मायक्रोस्कोपमध्ये बघायच्या आणि म्हणायच्या, ‘माजल्या मेल्या.’ त्यांच्या मागे बंडूजी उभे होते, हातात तो मेमो. आकांक्षाचा हात इन्क्युबेटरच्या दाराशी गेला आणि थांबला.

“मावशी, बसा आधी. यात तुमच्या पेशी नाहीत.”

“म्हंजे? मेल्या?”

“तीन वर्षांपूर्वीच संपल्या. दुसऱ्या एका बाईच्या पेशी चुकून त्यात गेल्या. चूक माझ्या हातून झाली, बंडूजींचा यात काही संबंध नाही. मलाही आत्ता कळलं.”

देवकाबाई बसल्या नाहीत. “मंग इतले दिवस मी कोणाले पाहून राह्यलो होतो?”

“दुसऱ्या बाईला.”

“अन् तुमी लोकाईले सांगून राह्यले, हे देवकाबाईचं हाय?” आवाज चढला तसं बोलणं आणखी एका बाजूला कललं. “मी गावात सांगतलं न बाई! माह्या जबड्याचं सोनं झालं म्हनून. माह्या गाठीतून दवाई निंघन म्हनून. ठीक हाय, चूक झाली. मानसाच्या हातून होते. आता काय करान?”

आकांक्षाने सरांचा बेत सांगितला, काही न वगळता. चौथ्या महिन्याच्या दोन व्हायली टाकीत शिल्लक आहेत, त्या खरोखर तुमच्या आहेत, आणि त्यांचाच रिपोर्ट खोट्या प्रयोगांना चिकटवायचा आहे, हेही. मग ती म्हणाली, “तुम्ही सही केली होती त्या संमतीपत्रात कलम नऊ आहे. दिलेली संमती तुम्हाला कधीही मागे घेता येते. कारण सांगावं लागत नाही. मग तुमच्या व्हायलींना कुणी हात लावू शकत नाही.”

पियुषने मान वर केली. “पागल झाली का? त्या व्हायली गेल्या तर तुला परत सुरू करायलाही काही उरणार नाही!”

“खरं हाय काय हे?” देवकाबाईंनी विचारलं.

“खरं आहे,” आकांक्षा म्हणाली. “पण ते तुम्ही बघायचं कारण नाही.”

देवकाबाईंनी पिशवी उचलली. “चाल. कुठं बसते तुहा सर?”

सरांनी उठून स्वागत केलं. “या या मावशी! चहा सांगतो. अहो, विज्ञानात असं होत राहतं.”

“होत राह्यते, तं लिवत काऊन नाई?”

“ते तांत्रिक असतं. तुम्ही आता चिडून काही केलंत, तर नुकसान साऱ्या जिल्ह्याचं आहे. तुमच्यासारख्याच पेशंटांचं.”

“मले जिल्ह्याचं सांगू नका, साहेब. माहं अर्धं तोंड गेलं, तरी मी खुशीनं देल्लं. कोनी मांगे लागलं नोतं. अन् तुमी त्याच्या नावावर दुसरं खपवता, वरून या गरिबाले कागद देता?” दाराशी उभे असलेले बंडूजी हे ऐकून मागे सरकले. “तिनं सांगतलं न, चूक माही हाय म्हनून. इतलीशी पोट्टी सांगते. तुमाले सांगता येत नाई?”

सरांनी आकांक्षाकडे पाहिलं. त्या नजरेत जूनची परीक्षा पुरी मावली होती.

“कागद घे, आकांक्षा,” देवकाबाई म्हणाल्या. “लिव. माह्या पेशी सध्या कोनी वापराच्या नाई. रिपोर्टाले नाई, कशालेच नाई. सर खरं काय झालं ते लिवून छापनाऱ्याले पाठवतीन, बंडूजीचा कागद वापस घेतीन, तवा मी इचार करीन.” मग त्या म्हणाल्या, “करीनच, असं नोको लिवजो.”

“अशा अटी घालता येत नाहीत,” सर म्हणाले.

“येतात सर. नववं कलम. संमती मागे घेणं आणि पुन्हा देणं, दोन्ही त्यांच्याच हातात आहे,” आकांक्षा म्हणाली. तिने शब्द न बदलता सगळं लिहिलं. देवकाबाईंनी ते ओठ हलवत स्वतः वाचलं, मग सही केली. अर्ज पेशंटांच्या संमतीवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीच्या कार्यालयात आवक झाला तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. साडेचारला आकांक्षाने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं. डीएनएचे सगळे रिपोर्ट, तान्ह्या पोळ्याची नोंद आणि स्वतःचं नाव जोडून. सरांना तिने त्याची प्रत पाठवली. त्यांनी उत्तरात तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली मागवून घेतली.

सोमवारी मेमो मागे घेतल्याचं एका ओळीचं पत्र बंडूजींना मिळालं. कारण दिलेलं नव्हतं, दिलगिरीही नव्हती. आकांक्षाचा लेख रद्द झाला. जूनची परीक्षा झाली नाही. गाईड बदलून मिळावा म्हणून तिने केलेला अर्ज तीन टेबलं फिरून चौथ्यावर पडून आहे. सरांच्या आणि पियुषच्या जुन्या लेखांत आजही देवका-१ चे निकाल जसेच्या तसे छापलेले आहेत. त्यावर सरांनी अजून एक ओळही लिहिलेली नाही. दोन व्हायली टाकीत, एथिक्स कमिटीच्या सिलाखाली आहेत.

दर गुरुवारी दुपारी देवकाबाईंचा फोन येतो.

“लिवलं काय त्यानं?”

“नाही, मावशी.”

“मंग राहू दे बंद,” त्या म्हणतात. “अन् तू जेवली काय?”