फाटकाला लावलेला पो

मी शेणाचा एक पो बोलतोय. नाकाला रुमाल लावू नका. वर्षभर वाळलो, मला वासही उरला नव्हता. आणि तेच माझं दुःख होतं.

तांबडी गाय चरता चरता थांबली, तिनं शेपूट उचललं आणि मी थपकन कुरणात पडलो. आईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्यात तशी रीतच नाही. आमच्या कुळात फार जगणंही लाजिरवाणं. सकाळी पडावं, दुपारपर्यंत शेणकिड्यांची पंगत बसावी, त्यांनी आम्हाला पोखरून भुयारात न्यावं, पोराबाळांना भरवावं, आणि महिना-दोन महिन्यांत आमची माती व्हावी. यापरतं भाग्य नाही.

मीही पंगतीची वाट पाहत बसलो. चार किडे आले, जेवले, अंडी घालून गेले. पण अंड्यांतून निघालेली पोरं काही जगली नाहीत. त्यानंतर कुणी फिरकलं नाही.

कारण होतं मालकांचं औषध. माणूस मोठा काळजीवाहू. गाईंना जंत होऊ नयेत म्हणून दर महिन्याला नऊच्या नऊ गाईंच्या पाठीवर औषधाची धार धरायचे. तेच औषध आईच्या पोटातून माझ्यात उतरलं होतं. मालकांना मात्र आमचा केवढा अभिमान! मेहुणा आला की चहाच्या आधी त्याला कुरणात आणायचे आणि काठीनं एखादा पो उलथवायचे.

"बघ, एक तरी किडा दिसतोय?"

"नाही बुवा."

"याला म्हणतात निगा!"

मेहुणा चहाच्या आशेनं मान डोलवायचा.

एकदा वाऱ्यानं फाटक सारखं मिटत होतं. मालकांना जवळ दगड दिसेना. त्यांनी मला उचललं.

"अहो, शेण आहे ते," मालकीणबाई म्हणाल्या.

"असू दे. अख्खा पावसाळा पचवलाय यानं."

असा मी फाटकाचं टेकण झालो. तिथून सगळं कुरण दिसायचं. माझे भाऊबंद जिथं पडले तिथंच ठाण मांडून होते. त्यांच्याभोवतीचं गवत गाई हुंगून सोडून द्यायच्या आणि उरलेलं मुळापर्यंत ओरबाडायच्या, कारण बारा महिने सगळा कळप तिथंच मोकळा असायचा. एके दिवशी मालकीणबाईंनी बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं. ताटात वाढल्यासारखं ते वरच राहिलं, मग वाहून रस्त्यावर गेलं.

"जमीन पाणी पीत नाही हो."

"तिलाही औषध देऊन बघू का?" मालकांनी अगदी मनापासून विचारलं.

शेवटी तेही थकले. "हे कुरण मेलं. गाई विकू आणि नांगर घालू."

मालकीणबाईंनी तांबडीला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्या म्हणाल्या, "एक हंगाम द्या मला. नाही सुधारलं, तर मीच तिचं दावं सोडून दुसऱ्याच्या हातात देईन." आणि त्यांनी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

डॉक्टरीणबाई फाटकातून आत आल्या आणि मलाच ठेचकाळल्या.

"हे शेण आहे?"

"अकरा महिन्यांचं," मालक छाती फुगवून म्हणाले. "पक्का माल!"

"जंत कुठल्या गाईला झाले होते?"

"कुणालाच नाही."

"मग औषध कशाला?"

"म्हणून तर झाले नाहीत!"

डॉक्टरीणबाई मटकन माझ्याशेजारीच बसल्या. "अहो, फुकटात नांगरणारे गडी होते तुमच्याकडे. शेण खाली न्यायचे, जमीन पोखरायचे, पाणी मुरवायचे. त्यांनाच मारलंत की! आधी शेण तपासू. जिला जंत असतील तिलाच औषध द्या आणि काही आठवडे वेगळी बांधा. आणि कुरणाचे चार भाग करा. एका भागात चरू दे, बाकी तिन्हींना विसावा."

तपासणीत नऊपैकी दोनच गाईंना जंत निघाले. तांबडी औषधातून सुटली. आधी बरेच दिवस काहीच घडलं नाही. मालक रोज मेहुण्याला कळवायचे, "बायकोचा प्रयोग चाललाय," आणि नांगराला तेल घालायचे.

मग एका सकाळी तांबडी फाटकाशी थांबली, तिनं शेपूट उचललं, आणि थेट माझ्यावर! वर्षभरानं आईनं ओळख दाखवली, तीही अशी. पण त्या ओलाव्यानं मी भिजलो, सैल झालो. दुपारी कुंपणापलीकडून एक शेणकिडा घोंघावत आला, फाटकावर आपटला, उताणा पडला, सावरला आणि कामाला लागला. संध्याकाळपर्यंत त्याचे सगळे सोयरे हजर.

काल मालक दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन निघाले, तर फाटक धाडकन त्यांच्या पाठीत बसलं.

"अगं, टेकण गेलं!"

मालकीणबाई धावत आल्या. माझ्या जागी भोकांची भुसभुशीत माती होती. त्यांनी नवऱ्याच्याच हातातली बादली घेऊन तिथं उपडी केली. पाणी गटागटा आत गेलं.

"मग? नांगर कधी घालायचा?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालक पाठ चोळत म्हणाले, "नांगर राहू दे. आधी एक दगड शोध."

मी आता चिमूटभर उरलोय. जाता जाता एवढंच सांगतो: बाटली उघडण्याआधी गाय खरंच आजारी आहे का ते बघत जा. आणखीही बोललो असतो, पण खालून कुणीतरी ओढतंय. पंगतीला ताटकळत ठेवू नये.