विद्युतचुंबकाचा हेवा

मित्रांनो, घोड्याच्या नालासारखा वाकलेला, तांबडा रंग उडालेला जुना लोहचुंबक म्हणजे मी. मुंबईच्या एका कारखान्यात मला घडवले आणि श्रीधर सरांनी महाडच्या शाळेत आणले.

एकदा सरांनी काचेच्या नळीत हिरवा उजेड पाडला आणि मला जवळ नेले. उजेड बाजूला सरकला. "हे इलेक्ट्रॉन. डोळ्यांना दिसत नाहीत, पण चुंबकाला मानतात," सर म्हणाले.

"सर, मी करून पाहू?" कालिंदी पुढे आली. त्या दिवसापासून ती माझी झाली, निदान मला तसे वाटे. ती मोठी झाली तेव्हा दासगावची तिची आत्या बनुबाई कुरकुरत असे, "ह्या लोखंडापायी लगीन लांबवतेस का काय गो?" कालिंदी हसून विषय टाळत असे. ती संशोधनाला मुंबईस निघाली, तेव्हा सरांनी मला तिच्या हाती दिले.

मुंबईत पहिली काही वर्षे इलेक्ट्रॉनांचा किरण मीच वाकवत असे. मग प्रयोगशाळेत विद्युतचुंबक आला. बटण फिरवले की त्याची ताकद हवी तशी कमीजास्त होई. कालिंदीचा हात सदा त्याच्यावर. मला तिने आठवण म्हणून शेजारच्या फळीवर ठेवले. माझा नुसता जळफळाट होई.

तेव्हापासून तिची मोजमापे चुकू लागली. किरण दरवेळी थोडा डावीकडे जाई. शोधनिबंध वाचायची तारीख जवळ आली होती. दोष विद्युतचुंबकावर आला. तिचा सहकारी सहदेव त्याची तारेची वेटोळी उलगडून तपासू लागला, आणि मला मनातून फार बरे वाटले.

एका दुपारी धूळ पुसायला कालिंदीने मला उचलले.

"बाई, किरण हलला!" सहदेव ओरडला.

तिने मला परत फळीवर ठेवले. किरण पुन्हा डावीकडे.

"अगोबाई! घरातलाच चोर!" ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. माझ्या ओढीने सारी मोजमापे फुकट गेली होती.

"भंगारात देऊ याला?" सहदेवने विचारले.

"नको. माझ्या शाळेत जाईल तो."

निबंध पुढे ढकलून तिने सगळे प्रयोग नव्याने केले. त्याच अचूक मोजमापांना दिल्लीत पुरस्कार मिळाला. महाडला सत्कार झाला, तेव्हा ती मला घेऊन आली. मला हातात धरून मुलांना म्हणाली, "आपल्या लाडक्या वस्तूवरही शंका घ्यावी, हे मला याने शिकवले."

बाकीचे मी विसरलो. 'लाडक्या' एवढा शब्द धरून ठेवला.

आता माझ्या टोकांवरची, ओढ टिकवणारी लोखंडी पट्टी हरवली आहे. मुले मला फरशीवर आपटतात. ओढ ओसरली, जेमतेम टाचण्या उचलतो. मित्रांनो, चुंबक आपटू नका, तापवू नका, पट्टी लावल्याशिवाय ठेवू नका.

आणि समोरच्या भिंतीवर कालिंदीचा त्या विद्युतचुंबकाबरोबरचा फोटो आहे. जमले तर तिला राहू द्या, त्याच्यावर तेवढे कॅलेंडर लावा.