मानाची जागा

कोंबडी मेली आणि जिन्होच्या अंगणात जमलेल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम आ वासला.

कोंबडी मरण्यात काही नवल नाही. गांगवनच्या डोंगरातल्या त्या सोल्गोल गावात त्या रोज मरत आणि पातेल्यात जात. पण ही कुणी बोटही न लावता मेली होती. भूत काढायला बोलावलेल्या 'सेनापती' मांत्रिकाने तिला आतल्या खोलीत, जमिनीच्या सगळ्यात ऊबदार कोपऱ्यात, टोपलीखाली झाकलं. खिडकीच्या आणि भिंतींच्या फटींवर लाल अक्षरांचे मंतरलेले कागद चिकटवले. स्वयंपाकघरातल्या चुलीत कोळशाची ताजी वडी घालायला लावली. मग स्वतः उंबऱ्यात बसून, गुडघ्याने दार किलकिलं धरून, तो ढोल बडवत राहिला. अर्ध्या तासाने टोपली उचलली तर कोंबडी आडवी. मान लुळी, तुरा मात्र लालभडक.

"बघा!" सेनापती किंचाळला. "मी सातव्या आभाळाचा सेनापती! पाची दिशांची भुतं माझ्या खिशात! ही कोंबडी कुणी मारली? ओक्सिमने मारली! मेली तरी मानाची जागा सोडत नाही सटवी. सवत निजली की तिचा गळा धरते!"

चार दिशा गावाला ठाऊक होत्या. पाचवी बहुधा सेनापतीच्या पोटाकडे जात असावी, कारण नैवेद्याच्या ताटातल्या डुकराच्या मुंडक्याचे दोन्ही कान सकाळीच गायब झाले होते. पण हे बोलायची छाती कुणाची? मेलेली कोंबडी समोर होती ना!

लोणच्याच्या रांजणांपाशी दकसू उभा होता. ओक्सिम त्याची एकुलती एक लेक. या खोलीची जमीनही त्याच्याच हातची. चाळीस वर्षं तो तापत्या जमिनी घालत आला होता. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर जमिनीखालच्या दगडी वाटांतून फिरवायचा, वर सपाट दगड, त्यावर माती, त्यावर तेलकागद, आणि पलीकडच्या भिंतीतून धुराडं. ओक्सिमच्या लग्नात त्याने आहेर म्हणून ही जमीन घातली. चुलीकडचा कोपरा सगळ्यात गरम, म्हणून तीच मानाची जागा. पाहुण्याला तिथे बसवायचं, लाडक्या माणसाला तिथे निजवायचं. जावयाने, जिन्होने, ओक्सिमला तिथेच निजवलं. दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी ती तिथून उठलीच नाही. गाल गुलाबी होते. बायका म्हणाल्या, काय भाग्याची गं, नवरीसारखी गेली.

वर्षाने जिन्होने मालसूनला करून आणली. लेक मेली आणि जावयाने दुसरी केली, तर त्या दुसरीला तिकडे फुटव्याची लेक म्हणतात. तोडलेल्या झाडाला फुटलेला फुटवा. रीतीप्रमाणे ती वाकून नमस्कार करायला दकसूच्या दारी आली होती. दकसूने दार उघडलं नव्हतं.

आता तीच मालसून हात बांधलेली अंगणात पडली होती. पंधरा दिवस तिचं डोकं फुटत होतं, ओकाऱ्या होत होत्या, ती बरळत होती. काल दिवसभर सेनापतीने तिला पीचच्या फांदीने झोडपलं. पीचला भुतं भितात म्हणे. फांद्या तीन मोडल्या, आणि भूत ढिम्म.

"न्या आत! त्याच जागेवर निजवा!" सेनापती ओरडला. दोघांनी तिला फरफटत नेलं. फांदी सपासप पडू लागली. पाठीवर, मांड्यांवर, डोक्यावर. "बोल, ओक्सिम! जातेस की नाही?" खाणीतली रात्रपाळी करून आलेला जिन्हो भिंतीला टेकून रडत होता. त्याच्या हातात फांदी दिली तेव्हा त्यानेही मारलं. रडत रडत मारलं.

"नवऱ्याला दाद देत नाही," सेनापती म्हणाला. "बापाच्या हातचे तीन फटके पाहिजेत. बापाने हाकललं की पोर जातेच."

जिन्होची आई दकसूच्या पाया पडली. "व्याहीबुवा, पदर पसरते. तुमच्या लेकीला आवरा हो. ही पण मेली तर माझ्या घरात कोण पोरगी देईल?"

दकसू आत गेला. दोन वर्षं त्याने या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्याचाही थोडा विश्वास बसला होता. लेक भूत होऊन का होईना, इथे आहे, या नुसत्या कल्पनेने तो सरळ मानाच्या जागेपाशी गेला. त्याने फांदी उचलली आणि एक फटका मारला.

फांदी कानशिलावर बसली. कातडं फाटून रक्त आलं. मालसूनने डोळे उघडले.

"बाबा," ती म्हणाली, "मी मालसून आहे हो."

आणि तिची मान लुळी पडली. दकसूच्या हातातली फांदी गळाली. तिचे गाल गुलाबी होते. दारापलीकडे कोंबडीचा तुरा लालभडक होता. आणि ओक्सिम... त्याचंही डोकं ठणकायला लागलं. आत येऊन घटकाही झाली नव्हती.

तेवढ्यात जिन्होची म्हातारी आई सेनापतीला म्हणाली, "महाराज, उंबऱ्यात केवढा वारा लागतोय तुम्हाला. वर मानाच्या जागेवर बसा की."

"नको, नको. मी दासांचा दास. उंबराच बरा."

"काय ही नम्रता!" बायका गहिवरल्या. "कालपासून तिसऱ्यांदा म्हणताहेत."

दकसूने वळून पाहिलं. बाहेर थुंकी गोठत होती. चाळीस वर्षांत जानेवारीतली मानाची जागा नाकारणारा पाहुणा त्याने पाहिला नव्हता. माणसं दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा बसतात. हा मात्र एकदाही बसला नव्हता.

"चूल कोळशाची कधी केलीस रे?" त्याने जिन्होला विचारलं.

"जंगलतोडीला बंदी आली तेव्हा, मामा. ओक्सिम गेली त्याच हिवाळ्यात. का?"

दकसूने मालसूनला काखेत हात घालून उचललं आणि दाराकडे ओढलं. "भूत सुटेल! धरा त्याला!" सेनापती गरजला. जिन्होने सासऱ्याच्या तोंडावर ठोसा मारला. दकसूचा दात तुटला. तो रक्त थुंकला. त्याने जिन्होला खांद्याने धडक देऊन भिंतीवर आपटलं आणि पोरीला सरळ अंगणातल्या बर्फावर नेऊन ठेवलं. म्हातारीने त्याचे केस उपटले. कुणीतरी तिला शुद्धीवर आणायला मुळ्याच्या लोणच्याचं पाणी आणलं.

"पाणीबिणी नको! हवा लागू द्या! बाजूला व्हा, मेल्यांनो!"

मग तो परत फिरला. सेनापती झांजा उचलून अंगावर आला. पितळेची कड दकसूच्या भुवईवर बसली, डोळ्यात रक्त उतरलं. पण दगड उचलून उचलून झालेले हात ते. त्याने सेनापतीची मानगूट धरली, त्याला ऊबदार कोपऱ्यात पालथा दाबला आणि पाठीवर गुडघा रोवला.

"जिन्हो, दार लाव."

"मामा, अहो..."

"लाव म्हणतो ना! पाहुणे आहेत. मानाच्या जागेवर बसू देत."

दार लागलं. आधी सेनापतीने शाप दिले, सात आभाळांचे. मग गावातल्या प्रत्येकाच्या सात पिढ्यांचे. मग तो पाय झाडू लागला, दकसूच्या हाताला कडकडून चावला. दकसूने पकड सोडली नाही. कागदाच्या दाराबाहेर सगळं गाव कान टवकारून उभं होतं.

"दार उघडा!" आतून सेनापती रडकुंडीला येऊन ओरडला. "अरे, उघडा! वायू आहे, वायू! कोळशाचा वायू! माणूस मरेल इथे!"

अंगणातली माणसं दारापासून दोन पावलं मागे सरली.

दकसूने लाथेने दार उघडलं आणि त्याला फरफटत बाहेर आणून टाकलं. "ऐकलंत? माणूस मरेल म्हणतोय. आणि ती पोरगी कोण, कोंबडी?"

"थापा!" गर्दीतून कुणी म्हणालं. "वायू असता तर वास नसता का आला?"

"वास लाकडाच्या धुराला येतो. डोळे चुरचुरतात, माणूस खोकत उठतो. भुंकणारा कुत्रा तो, चावत नाही. कोळशाचा हा वायू भुंकतच नाही, गाल गुलाबी ठेवून झोपेतच नेतो. थांबा, दाखवतो."

त्याने चुलीतली वडी काढून टाकली आणि आत ओला पेंढा कोंबून पेटवला. सगळे दारात दाटले. काही वेळ काहीच झालं नाही. मग मानाच्या जागेवर, तेलकागदाच्या सांध्यातून, पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली. मग दुसरी. थोड्याच वेळात तो कोपरा धुराने भरला. उंबऱ्यापाशी मात्र हवा स्वच्छ होती. सेनापती बसायचा तिथे.

दकसूने घण मागितला. पहिल्या घावात माती फुटली, तिसऱ्या घावात खालचा दगड उघडा पडला. कोळशाच्या सततच्या धगीने आरपार तडकला होता. त्यात करंगळी जाईल एवढी फट होती. दकसू त्या फटीकडे बघत बसला. मग त्याने पुन्हा घण उचलला आणि तो दगड फोडला, शेजारचा फोडला, त्याच्याही शेजारचा फोडला. "माझ्या हातचा दगड! माझ्या हातचा!" तो ओरडत होता. कुणाची आडवं जायची हिंमत झाली नाही.

बाहेर जिन्होने सेनापतीला लाथांनी तुडवायला घेतलं तेव्हा दकसूच धावला. "बस कर. चौकीत देऊ त्याला. भुताचा माग काढायला आल्या आल्या यानं काय विचारलं होतं, आठव. चूल कोळशाची की लाकडाची? कागद चिकटवले ते भूत कोंडायला नाही, हवा कोंडायला. लबाड आहे, पण फांदी त्याने एकट्यानेच नाही मारली. तू मारलीस. मीही मारली."

बर्फावर मालसून ओकली. मग उठून बसली. भूत कुठल्या दिशेने गेलं ते कुणी विचारलं नाही.

तो हिवाळा तिने दकसूच्या घरी काढला. जिन्हो रोज येऊन दाराबाहेर उभा राहायचा. ती बाहेर यायची नाही. महिन्याने त्याने दारातूनच विचारलं, "जमिनीचं काय करू? फुटके दगड बदलून फटी सिमेंटने बुजवू?"

"बुजवलेली फट पुन्हा उघडते," दकसू म्हणाला. "मला विचारू नकोस. निजणार आहे तिला विचार."

"दगड परत घालून लाकडं जाळता येतील?" मालसूनने आतून विचारलं.

"लाकडं कुठली?" दकसू म्हणाला. "तोडबंदी आहे. शहरात आता जमिनीखाली धूर नाही, पाणी खेळवतात. बाहेर शेडात बंब, कोळसा तिथे जळणार. घरात येणार ते नळीतलं गरम पाणी."

"नळी फुटली तर?"

"जमीन ओली होईल."

"मग पाणीच बरं. ओलं झालेलं दिसतं तरी."

साठीच्या दकसूने शहरात जाऊन आपल्या लेकीच्या वयाच्या, नळ बसवणाऱ्या पोराच्या हाताखाली आठ दिवस काम शिकून घेतलं. मग जिन्होच्या खोलीतले सगळे दगड उपसले, खाली वाळू दाबली आणि वेटोळ्यांत नळी फिरवली, मध्ये एकही सांधा न ठेवता. तीन दिवस पाणी भरून ठेवलं. मालसून रोज गुडघ्यांवर बसून हाताने चाचपायची. थेंबही गळला नाही, तेव्हा तिने सिमेंट ओतू दिलं. बंबाची शेड तिने स्वतः पावलं मोजून, वारा घरापासून दूर नेईल अशा बाजूला घालायला लावली.

जमीन वाळली. बंब पेटला. जिन्होची आई आत आली आणि सवयीने चुलीच्या बाजूची जमीन तळव्याने चाचपू लागली. मग मधली. मग थेट उंबऱ्यापर्यंत.

"अगंबाई! सगळीकडे सारखीच गरम? मग मानाची जागा कुठली?"

मालसूनने तिला बखोट धरून जवळच बसवलं. मग दकसूकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्हीही बसा."

तिच्या कानशिलावर फटक्याचा पांढरा वण होता. तो आता कायमचाच. दकसू त्याच्याकडे बघत, पूर्वी जिथे त्याची लेक निजायची तिथे बसला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणी रडला.

सोल्गोलमध्ये त्या वर्षी अकरा घरांच्या जमिनी उकरल्या गेल्या. चार घरांत फटी निघाल्या. भूत एकाही घरात निघालं नाही. तेव्हा बाबांनो, कुणी महाराज दारी आला तर त्याचे मंत्र ऐकत बसू नका, तो बसतो कुठे ते बघा. ज्या जागेवर तो स्वतः टेकायला तयार नाही, तिथे आपलं माणूस निजवू नका.