सहावा दिवा

चौकात शिट्टीबाईंची शिट्टी वाजली की बसवाला थांबे, सायकलवाला थांबे आणि ज्याचा काही संबंध नाही असा फुटपाथवरचा माणूसही दचकून थांबे. सव्वीस वर्षं ट्रॅफिकमध्ये काढलेली बाई. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथेच बरं होतं. घरीसुद्धा नवरा म्हणायचा, "शिट्टीबाई, चहा गार होतोय."

बाईंची एक पद्धत होती. कुणाचा ब्रेकलाइट बंद दिसला की त्या गाडी बाजूला घ्यायला लावत, चालवणाऱ्याला खाली उतरवत आणि स्वतः चढून ब्रेक दाबत. "जा, मागे उभे राहा. लागतोय का दिवा?" माणूस मागे जाई, वाके, डोकं खाजवी आणि म्हणे, "नाही हो बाई! मला पत्ताच नव्हता." "पुढे बसून तुम्हाला कसा लागणार पत्ता? तुम्ही थांबताय हे मागच्याला कळलं नाही, की आलाच तो तुमच्या पाठीत." मग गाडीचा नंबर आपल्या निळ्या वहीत लिहायचा आणि बजावायचं, "संध्याकाळी सहाच्या आत दुरुस्त करून आणून दाखवा. नाहीतर पावती." अशा किरकोळ बाबतीत पहिल्या वेळी पावती फाडायची की समज देऊन सोडायचं, हे नियमानंच ड्युटीवरच्या माणसावर सोपवलेलं. बाई सोडत, आणि बहुतेक लोक येऊन दाखवतही.

मग नवे साहेब आले. वयानं बाईंच्या धाकट्या भावाएवढे. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणंही तसंच. आठवडाभर त्यांनी चौकीच्या वरच्या खिडकीतून चौक न्याहाळला आणि एका सकाळी बाईंना वर बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही कुणाला सोडता आणि कुणाला पावती देता, याचा मला काही मेळ लागत नाही."

"माणूस बघून ठरवते, साहेब."

"म्हणजे काय बघता?"

"तोंड! कोण शब्दाला जागणारा आणि कोण थापाड्या, हे तोंडावर लिहिलेलं असतं. सव्वीस वर्षं वाचतेय."

साहेब काही हसले नाहीत. "ठीक आहे. आज तुम्ही जेवढे सोडाल, तेवढे सगळे सहाच्या आत दिवा दाखवायला आले, तर तुमची पद्धत तुमच्यापाशी. एक जरी आला नाही, तर उद्यापासून तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये. चौकात मी सरसकट पावत्या फाडणारा माणूस उभा करतो."

रेकॉर्ड रूम! चौकीच्या तळघरातली ती खोली, एक ट्यूब, एक कुरकुरता पंखा आणि छताला टेकलेल्या फायली. तिथे शिट्टी मारायची कुणाला, झुरळांना? पण बाईंचा स्वभाव पडला फटकळ. "चालेल साहेब, बघाच तुम्ही," असं ठणकावून त्या जिना उतरल्या, आणि शेवटच्या पायरीवर स्वतःलाच म्हणाल्या, कशाला गं बाई जीभ इतकी लांब?

दुपारपर्यंत पाच सोडले. बेकरीची व्हॅन, एक शिंपी, रात्रपाळी करून घरी निघालेली एक नर्स, शिडी घेऊन चाललेला रंगारी आणि एकाच स्कूटरवर बसून दोन दिशांना बघणारं एक भांडकुदळ जोडपं. बायको नवऱ्याला म्हणत होती, "सांगितलं होतं ना मी!" नवरा म्हणत होता, "कधी सांगितलंस?" बाईंनी दोघांनाही मागे उभं करून बंद दिवा दाखवला, तेव्हा कुठे त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं.

सहावे आजोबा. पांढरे केस नीट विंचरलेले, स्कूटरच्या हुकाला पुस्तकांची पिशवी. बाईंनी ब्रेक दाबून दाखवल्यावर त्यांनी चक्क कान धरले. "चुकलं बाळा. नातीला शाळेतून आणायची घाई, या वयात लक्ष कुठे राहतंय? सहाच्या आत हजर होतो बघ."

बाळा! बाईंना अगदी भरून आलं. वडील गेल्याला बारा वर्षं झाली. त्यांना बाळा म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. नंबर लिहिता लिहिता त्या म्हणाल्या, "जा आजोबा, सावकाश जा. नात वाट बघत असेल."

आजोबांच्या मागेच एक मोटारसायकल उभी होती. वर बसलेला पोरगा पंचविशीतला, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल, तोंडात च्युइंगगम. त्याचाही मागचा दिवा बंद. बाकी सगळं ठाकठीक, कागदपत्रं चोख. पण पठ्ठ्यानं गॉगल काढला नाही, खाली उतरला नाही, नुसती हनुवटी उडवून विचारलं, "किती होतील?"

झालं! बाईंचं टाळकंच सटकलं. किती होतील म्हणजे? मी काय इथे भाजी विकायला बसलेय? ब्रेक दाबून दाखवणं नाही, समज देणं नाही, त्यांनी सरळ पावती फाडली.

पोरानं पैसे दिले, पावती खिशात घातली आणि विचारलं, "त्या आजोबांचा पण दिवाच होता ना?"

"त्यांचं वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"वेगळं म्हणजे वेगळं! चला, पुढे व्हा, मागे रांग लागलीय."

वरून साहेबांनी खिडकीतून हातानंच विचारलं, किती? बाईंनी ऐटीत सहा बोटं दाखवली.

चार वाजता शिंपी आला. ब्रेक दाबला, दिवा लालभडक लागला, बाईंनी वहीत बरोबरची खूण केली. खिडकीतून साहेबांनी एक बोट वर केलं. मग बेकरीची व्हॅन आली, दोन. रंगारी आला, त्याच्या दिव्याला पिवळ्या रंगाचा ठिपका लागलेला, तो बाईंनी आपल्या रुमालानं पुसला. झोपेतून उठून नर्स आली. साडेपाचला ते जोडपंही आलं आणि दिवा कुणी दुरुस्त करून आणला यावर तिथेच पुन्हा जुंपली. पाच.

आजोबांचा पत्ता नाही.

पावणेसहा झाले. येणारी प्रत्येक पांढऱ्या केसांची स्कूटर बाईंना आजोबांची वाटायला लागली. नातीचं काही दुखत असेल का? गॅरेजमध्ये गर्दी असेल का? आणि तेवढ्यात आजोबा दिसले! चौकाच्या पलीकडच्या बाजूनं, हुकाला तीच पिशवी, नात मागे बसलेली. बाईंनी हात केला. आजोबांनी पाहिलं. चांगलं नजरेला नजर देऊन पाहिलं, मग मान वळवली आणि कोपऱ्यावर ब्रेक दाबून स्कूटर गल्लीत घातली. दिवा काही लागला नाही.

बाई तिथेच खिळल्या. शिट्टी तोंडात होती, पण वाजवायचंही सुचलं नाही. संताप रेकॉर्ड रूमचा नव्हता. बाळा म्हणाला होता माणूस!

सहाला तीन मिनिटं असताना मागून मोटारसायकलचा आवाज आला. गॉगलवाला. या वेळी तो खाली उतरला, गॉगल डोक्यावर सरकवला आणि म्हणाला, "बसा बाई. दाबा ब्रेक."

"तू कशाला आलास?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. "तुझी पावती झालीय ना?"

"पावती भरली म्हणून दिवा थोडाच लागतो? तुम्ही सगळ्यांना सहाच्या आत दाखवा म्हणत होता. मला वाटलं, मलाही दाखवायचाय." मग थोडं थांबून म्हणाला, "मला त्या आजोबांसारखं गोड बोलता येत नाही. घरी आईही हेच म्हणते."

बाई सीटवर बसल्या आणि ब्रेक दाबला. पोरगा मागे जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "लागला बघा!" गॉगलशिवाय त्याचे डोळे अगदी शाळकरी दिसत होते. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं तोंडं वाचण्याची फुशारकी, आणि आज दोन तोंडं वाचली ती दोन्ही उलटी.

वर खिडकीत टाळी वाजली. साहेबांनी सहा बोटं दाखवली आणि चक्क हसून मान डोलावली. त्यांना तिथून लाल दिवे दिसत होते, वहीतले नंबर दिसत नव्हते.

बाईंनीही हसून मान डोलावली असती, तर संपलं होतं. चौक राहिला असता, शिट्टी राहिली असती. त्यांनी पोराकडे पाहिलं. तो रुमालानं दिव्याची काच पुसत होता.

"पोरा, मी चुकले," बाई म्हणाल्या. "तुला पण सोडायला हवं होतं. फाडलेली पावती मला मागे घेता येत नाही, पण चुकले हे खरं."

"असू द्या हो," पोरगा लाजून म्हणाला आणि गॉगल खाली ओढून निघून गेला.

बाई जिना चढून वर गेल्या आणि वही साहेबांच्या टेबलावर उघडून ठेवली. "साहेब, पाचच आले. सहावा दिवा बघितलात, तो मी पावती फाडलेल्या पोराचा. ज्याला सोडलं होतं, तो मला बघून गल्लीत पळाला."

साहेबांनी वही वाचली, पावतीबुक वाचलं. "दोघांचा गुन्हा एकच?"

"एकच."

"मग याला सोडलं आणि त्याला पावती का?"

"एक मला बाळा म्हणाला, साहेब. आणि दुसऱ्यानं गॉगल काढला नाही." स्वतःच्याच तोंडून ऐकताना बाईंना ते फारच पोकळ वाटलं. "एवढंच कारण. दुसरं काही नाही."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. "मी वरून सहा मोजले होते. तुम्ही गप्प बसला असतात तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं ना."

"रेकॉर्ड रूमचं मी बोललो होतो."

"हो साहेब. किल्ली कुणाकडे असते?"

साहेबांनी वही मिटून बाईंच्या हातात दिली. "पहिलीच वेळ आहे. समज देऊन सोडतो. उद्या संध्याकाळी सहाच्या आत दुरुस्त करून दाखवा."

दुसऱ्या दिवशी बाई सिग्नलच्या पुढे नाही, मागे उभ्या राहिल्या. तिथून फक्त पाठी आणि दिवे दिसत होते. पहिलाच बंद दिवा आला तशी त्यांनी शिट्टी मारली, नंबर वहीत ताडून पाहिला आणि तोंडाकडे न बघता पावतीबुक काढलं.

"अगं बाळा," पुढून गोड आवाज आला, "ओळखलं नाहीस का मला?"

"ओळखलं ना आजोबा," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "कालचा नंबर आहे. उतरा खाली, मागे जाऊन बघा."