डुलणाऱ्या पोरी आणि निद्रिणी

मारेगावकडच्या त्या शाळेसमोर नुसती जत्रा लोटली होती. दहावीच्या पोरी सकाळच्या तासाला बाकावर डुलतात, एवढीच बातमी. पण गावभर फिरेपर्यंत तिची ‘पोरींच्या अंगात येतं’ अशी झाली. आपल्याकडे माणूस डुललं की अंगात आलंच! तांड्यावरच्या धनसिंगने तर लेकीला, उज्ज्वलाला, बजावलं होतं की हे थांबलं नाही तर शाळा बंद.

मग मांत्रिक जागृतबाबांना बोलावलं. त्यांनी पोरींच्या मनगटाला पिवळे दोरे बांधले. निद्रिणी नावाची हडळ भल्या सकाळी शाळेच्या उंबऱ्यावर बसते, असं त्यांनी डोळे वटारून सांगितलं. म्हणून सातची घंटा बंद. ऊन चांगलं वर आल्यावर, पोहे-चहा आटोपून बाबा येणार, मंत्र म्हणणार, मगच दार उघडणार. अन् काय सांगावं, आठवडाभरात डुलणं गायब! बाबांपुढे नारळांचा ढीग लागला.

एके दिवशी आंघोळीत उज्ज्वलाचा दोरा तुटून वाहून गेला. घाबरतच ती वर्गात निद्रिणीची वाट पाहत बसली. निद्रिणी काही आली नाही, उलट भूमितीचं प्रमेय तेवढं डोक्यात शिरलं. तिने हे रंजिता मॅडमना सांगितलं. या वयात झोप रात्री उशिरा येते अन् सकाळी उशिरा सोडते, शरीराची रीतच ती, असं सांगून मॅडम हसल्या. गुण दोऱ्याचा की उशिराच्या घंटेचा, ते दोघींनी गावासमोर पाहायचं ठरवलं. दोऱ्यात दम असेल तर बाबांनी सातलाच यावं, असा निरोप गेला.

सातला दोरेवाल्या पोरी बाकावर बसल्या अन् डुलायला लागल्या. बाबा खवळले, डोळे मिटून मंत्र गर्जू लागले. गर्जनेची पुटपुट झाली, पुटपुटीचं घोरणं झालं, दाढी छातीवर टेकली.

"बा, महाराजाले बी दोरा बांधू काय?" उज्ज्वलाने विचारलं.

अख्खा गाव हसून लोळला. "मंग पोरी बऱ्या कायनं झाल्या?" धनसिंग गोंधळला.

"झोपीनं, बा. बाबाले सकाळी उठनं होत नाही, म्हणून आमची झोप होऊन राह्यली होती."

घंटा कायमची उशिरा झाली. तेव्हा बापहो, पोर डुललं तर मांत्रिकाकडे धावण्याआधी त्यालाच विचारा, झोप झाली का?

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाची आई मानीबाई लेकीला उठवायला गेली, तर धनसिंगनेच तिला दटावलं. "हळू बोल. झोपू दे तिले, शाळेत जायचं हाये."